कोटणीस आणि आमचा आठवीचा वर्ग

कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की बहुतेक घरांतून एखादा धागा बाहेर येतोच. कुणाचे आजोबा स्टुडिओत सुतारकाम करत होते, कुणाचे चाचा लढाईच्या सीनमध्ये मावळे होऊन पळाले होते, कुणाच्या घरात जुन्या नटाची एखादी चिठ्ठी जपून ठेवलेली असते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेला एक कोल्हापूरचा पोरगा पुढं व्ही. शांताराम झाला. शांताराम राजाराम वणकुद्रे. वडील जैन, आई हिंदू. त्याच कंपनीत कागलचे शेख फत्तेलाल होते. त्यांना सगळे साहेबमामा म्हणत. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी मिळून १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली. पुढं दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि व्हेनिसपर्यंत गाजला. तुकोबांचा देहू ज्या कलावंतांनी पडद्यावर उभा केला, त्यात कागलचा एक शेख होता. ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यातल्या दहा पोरांना विचारली तर एकालाही ठाऊक नसते. त्यात पोरांचा दोष नाही. सांगणारेच कमी आहेत.

आज मात्र आम्हाला 'तुकाराम'वर लिहायचं नाही. शांतारामांच्याच एका युद्धपटावर लिहायचं आहे. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा तो सिनेमा. साल १९४६. नायक सोलापूरचा, दिग्दर्शक कोल्हापूरचा, कथा लिहिणारा पानिपतचा, रणभूमी चीनची आणि भाषा हिंदुस्थानी. एवढ्या लांबून आलेली माणसं एका गोष्टीत कशी गोळा झाली, आणि ती गोष्ट आमच्या उर्दू शाळेच्या आठवीच्या वर्गात येऊन काय करून गेली, तेवढंच सांगायचं आहे.

आमच्याकडं दर वर्षी ऑगस्ट महिना उजाडला की एक प्रश्न निघतो. पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात मुलांना कोणता सिनेमा दाखवायचा? यादी ठरलेली असते. सीमेवरची लढाई, बंदुका, शेवटी तिरंग्यात गुंडाळलेलं प्रेत. एका वर्षी बैठकीत आम्ही म्हणालो, या वेळी काही वेगळं दाखवू. तेव्हा एक बुजुर्ग सदस्य हळू आवाजात बोलले, "सर, दुसऱ्या शाळेनं नाही दाखवला तर चालतं. आपण दाखवायलाच पाहिजे. लोक बघत असतात."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आयुष्यभर या शाळेसाठी वर्गण्या गोळा केल्या आहेत. त्यांनी जे पाहिलं, सोसलं, त्यातून ते वाक्य आलेलं होतं. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. लोक बघत असतात. म्हणजे आम्ही मुलांना सिनेमा दाखवतो तो मुलांसाठी की बघणाऱ्यांसाठी?

हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव आमच्या शाळेत दर वर्षी घेतलं जातं, आणि ते घेतलंच पाहिजे. १९६५ च्या लढाईत खेमकरणच्या भागात शत्रूचे रणगाडे फोडताना ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या पराक्रमापुढं कुणीही मान झुकवावी. आमचं दुखणं दुसरंच आहे. आम्ही मुलांना चांगल्या माणसांची जी यादी देतो, ती कबरीपाशी सुरू होते आणि कबरीपाशीच संपते. जगून, रोजचं काम करून देशाच्या कामी आलेला माणूस त्या यादीत सहसा नसतो. बारा-तेरा वर्षांचं पोर त्यातून काय शिकत असेल? आपल्याला मोजलं जाईल, पण मेल्यावर. बी.एड.ला आम्हाला मूल्यशिक्षणाचे पाठ काढायला लावायचे. त्या टाचणवहीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

म्हणून आम्ही कोटणीसांचा सिनेमा निवडला. युद्धपट तर आहेच, त्यामुळं सदस्यांनाही हरकत घेता आली नाही. पण याच्या नायकाच्या हातात बंदूक नाही. त्याच्या हातात चाकू आहे आणि तो शस्त्रक्रियेचा आहे.

सिनेमाकडं वळण्याआधी मूळ हकिकत थोडक्यात सांगू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठा हल्ला चढवला. चीनचे सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. १९३८ च्या उन्हाळ्यात त्यांनी देशाला आवाहन केलं, फंड गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. निघताना कोटणीसांना अठ्ठावीस वर्षं पुरी व्हायची होती. डॉ. अटल तर स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते.

ज्या देशाला स्वतःचं स्वातंत्र्य नव्हतं, त्यानं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी डॉक्टर पाठवले, हे आजही वाचताना नवल वाटतं. १९३९ च्या सुरुवातीला हे लोक येनानला पोचले. कोटणीस पुढं उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथं काम करताना १९३९ मध्ये रक्तात विष भिनून वारले होते. त्यांच्या नावानं निघालेल्या इस्पितळाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. ते चिनी भाषा शिकले. नुसती रोग्याला नाव-गाव विचारण्यापुरती नाही, तर त्या भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याइतकी. तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं, के दि हुआ. १९४१ मध्येच त्यांनी त्या शाळेत परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि मुलगा चार महिन्यांचा व्हायच्या आत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर वारले. वय बत्तीस.

आता ही गोष्ट कागदावर कुणी आणली ते पाहू. ख्वाजा अहमद अब्बास. जन्म पानिपतचा, १९१४ चा, मौलाना हालींच्या घराण्यातला. अलिगढला शिकून ते मुंबईला आले आणि 'बाँबे क्रॉनिकल'मध्ये पत्रकार झाले. पथकातून परत आलेल्या डॉ. बसूंच्या आठवणींच्या आधारानं त्यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ, 'आणि एक परतला नाही'. त्याच पुस्तकावरून सिनेमा झाला. पटकथा अब्बास आणि त्यांचे मित्र व्ही. पी. साठे यांनी मिळून लिहिली. हीच जोडी पुढं राज कपूरच्या 'आवारा'ची. १९४६ हे साल अब्बासांचं फार धावपळीचं गेलं असणार. बंगालच्या दुष्काळावरचा 'धरती के लाल' त्यांनी त्याच वर्षी दिग्दर्शित केला, आणि कान महोत्सवात गौरव मिळवणारा चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' हाही त्यांच्याच लेखणीतून त्याच वर्षी आला.

शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले होते. वडील राजाराम आणि आई कमल यांची नावं जोडून त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल' उभं केलं. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. कच्ची फिल्म सरकारच्या परवान्यानं मिळायची आणि निर्मात्यांनी युद्धाला पाठबळ देणारे सिनेमे काढावेत असा इंग्रज सरकारचा आग्रह होता. शांतारामांनी युद्धपट काढायचं कबूल केलं आणि विषय निवडला कोटणीसांचा. जपान इंग्रजांचाही शत्रू, त्यामुळं सरकारला नाही म्हणता येईना. पण पथक पाठवलं होतं काँग्रेसनं, तेही इंग्रजांचं जपानशी युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधी. सरकारी परवान्यावर स्वातंत्र्य चळवळीची गोष्ट पडद्यावर आली. आपल्या कोल्हापुरी भाषेत याला डाव टाकणं म्हणतात. तालमीत वाढलेल्या गावाच्या माणसाला तो बरोबर जमला.

हेच शांताराम प्रभातमध्ये असताना १९४१ साली 'शेजारी' काढून बसले होते. त्याच्या हिंदी 'पडोसी'त त्यांनी हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खान यांना दिली आणि मुसलमान मिर्झाची गजानन जागीरदारांना. देशाच्या वाटणीची भाषा जोरात सुरू असताना केलेली ही अदलाबदल होती. ती आठवली की कोटणीसांच्या सिनेमातल्या एका गोष्टीचं नवल वाटत नाही. त्यात चिनी माणसं चिनी नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. चिंगलान झाल्या जयश्रीबाई. आणि चिनी सेनानी झाले आहेत आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंढारकर! संगीत कोकणातल्या वसंत देसाईंचं, गाणी दिवाण शरर यांची. सगळा चीन फाडफाड हिंदुस्थानी बोलतो.

आम्ही तो सिनेमा शाळेच्या प्रोजेक्टरवर दोन दिवसांत, तासिका जोडून जोडून दाखवला. पहिली पंधरा मिनिटं वर्गात नुसती चुळबूळ होती. काळा-पांढरा पडदा, जुना आवाज, संथ चाल. चिनी सेनानी कोल्हापूरचा आहे असं सांगितल्यावर पोरं खो खो हसली. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. संवाद त्यांना कळत होते. आमच्या मुलांची जीभ दिवसातून चार वेळा वळते. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात कोल्हापुरी मराठी, मोबाईलवर हिंदी. या चौघींपैकी कुठलीच धड येत नाही असा शेरा त्यांना सगळीकडून ऐकावा लागतो. पडद्यावरची हिंदुस्थानी मात्र त्यांना उपरी वाटली नाही. डॉक्टर परक्या मुलखात जाऊन परकी भाषा शिकला, तिच्यात शिकवू लागला, हे आम्ही मध्ये थांबून सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हमारे जैसाच."

दुसऱ्या दिवशी प्रश्न निघाले. पहिला प्रश्न आम्हाला अपेक्षितच होता. एक मुलगा म्हणाला, "सर, चीन तो दुश्मन है ना? फिर इनकू हीरो कैसे बोलते?" गलवानची चकमक जून २०२० ची. पोरांनी ती मोबाईलवर पाहिलेली. आम्ही फळ्यावर साल लिहिली. १९३८, पथक गेलं. १९६२, भारत-चीन युद्ध झालं. १९६४, त्या युद्धावर चेतन आनंद यांनी 'हकीकत' काढला. १९८२, चीननं कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं. १९९३, भारतानं काढलं. मग विचारलं, यात कोटणीस कुठं बदलले? वर्ग गप्प झाला. सरकारांची दोस्ती आणि दुश्मनी काळाप्रमाणं बदलत राहते. ज्या जखमी शिपायाचा पाय त्या माणसानं वाचवला, त्याचा पाय तर वाचलेलाच राहिला. मुलांना हे पटलं की नाही ते सांगता येत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलानं फळ्यावरची सालं वहीत उतरून घेतली.

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता. ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "सर, नहीं मरते तो अमर होते क्या?"

आम्ही तिला लगेच उत्तर दिलं नाही. त्या पोरीनं अब्बासांच्या पुस्तकाच्या नावावरच बोट ठेवलं होतं. आणि एक परतला नाही. म्हणजे चार परतले. मग त्या चौघांचं काय? अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. तेही त्याच पथकात निघाले होते. त्यांनीही घरदार मागं ठेवलं होतं. डॉ. चोळकर तर आपल्या नागपूरचे. महाराष्ट्रातल्या कितीजणांना त्यांचं नाव सांगता येईल? डॉ. बसू परत आले, जगले, आणि पुढं त्यांनी चीनमधली सुया टोचून उपचार करायची पद्धत, अ‍ॅक्युपंक्चर, शिकून भारतात रुजवली. असंख्य रोग्यांना तिचा फायदा झाला. पण त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. कारण ते परतले.

सिनेमाला मरण लागतं, हे समजू शकतं. शेवटच्या रिळात प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. अब्बास आणि शांताराम दोघांनाही आपला धंदा पक्का ठाऊक होता. पण या सिनेमातल्या मरणाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या वर्गाला जास्त लागली.

सिनेमात प्लेगची साथ येते. डॉक्टर तिच्यावर इलाज शोधताना स्वतःचा जीव पणाला लावतो आणि त्या प्लेगपायीच त्याचा शेवट ओढवतो. प्रसंग भारी आहे. पोरं श्वास रोखून बघत होती. पण खरे कोटणीस प्लेगनं गेले नाहीत. त्यांना फिट येत असत. आपण मिरगी म्हणतो, आकडी म्हणतो, फेफरं म्हणतो, तो आजार. अपुरं अन्न, अपुरी झोप आणि अखंड काम यांत त्यांची तब्येत ढासळत गेली आणि शेवटी त्या आजारानंच त्यांचा घास घेतला. चीनच्या आणि भारताच्या सगळ्या चरित्रांत हे लिहिलेलं आहे. सिनेमावाल्यांनी साथीला पुढं आणलं कारण साथीशी लढताना आलेलं मरण मोठं दिसतं. फिट येऊन पडलेला माणूस नायक म्हणून कुणाला रुचणार, असं १९४६ मध्ये वाटलं असेल तर त्यात नवल नाही. आजही वाटतं.

त्याच आठवीच्या वर्गात आमचा एक मुलगा आहे, त्याला फिट येतात. वर्षातून दोनतीनदा वर्गातही आली आहे. पहिल्यांदा आली तेव्हा काय काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. दुसरा कांदा आणायला कँटीनकडं धावला. तिसरा दातखीळ उघडायला चमचा शोधत होता. मुली भिंतीला चिकटून उभ्या. नंतर पोरं दबक्या आवाजात म्हणू लागली, याला हवा लागली आहे. त्याच्या बाजूला बसायला कुणी तयार होईना. आई शाळेत आली तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाली, "सर, किसीकू नक्को बोलो. छोटी बहन की शादी का सवाल है." त्या मुलाची बहीण तेव्हा चौथीत होती.

आम्ही त्या माउलीला हसू शकत नाही. लोक काय म्हणतील याची भीती कायद्यातही होती. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात फिट येणं ही लग्नाच्या आड येणारी बाब म्हणून लिहिलेली होती. त्या वर्षी दुरुस्ती होऊन ती काढली गेली. कायद्यातून निघाली, पण मोहल्ल्यातून निघायला वेळ लागणार. आमच्याकडं तावीज होतात, दर्ग्यावर गुरुवार होतात. दुसऱ्यांकडं दुसरं काही होतं. दुआ करावी, तिला आमची ना नाही. पण गोळी चुकली की झटका येतो, हे दुआ करणाऱ्यालाही मान्य करावं लागतं.

त्या दिवशी सिनेमा संपल्यावर आम्ही वर्गाला खरं कारण सांगितलं. त्या मुलाचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडं पाहिलंही नाही. फक्त एवढं सांगितलं, की ज्या डॉक्टरनं बहात्तर तास उभं राहून ऑपरेशनं केली असं म्हणतात, ज्यानं परक्या भाषेत डॉक्टर घडवले, त्याला फिट येत होत्या. हा मेंदूतल्या विजेच्या गडबडीचा आजार आहे. हवा नाही, साया नाही, कुणाची नजर नाही. हा आजार शेजारी बसल्यानं लागत नाही. रोज वेळेवर गोळी घेतली तर बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. कुणाला फिट आली तर घाबरायचं नाही. आजूबाजूच्या कडक वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काही मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. चप्पल पायातच ठेवायची आणि कांदा भाजीत.

पोरं हसली. तोही हसला.

मग आम्ही त्या मुलीकडं वळलो. म्हटलं, तुझा प्रश्न अजून बाकी आहे. डॉक्टर वारले नसते तर सिनेमा निघाला नसता, हे खरं. पण सिनेमा निघाला नसता तरी ज्यांचे प्राण वाचले त्यांचे वाचलेच होते. ज्यांना शिकवलं ते डॉक्टर झालेच होते. ती पोरगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "फिर तो चारों भी हुए ना, सर." आम्ही फळ्यावर पाचही नावं लिहिली. अमर या शब्दाला उर्दूत 'लाफानी' म्हणतात, तो शब्द त्यांच्यासमोर लिहिला. कुणीतरी पाचही नावांना एकच कंस केला.

शिक्षक म्हणून आम्हाला वाटतं ते एवढंच. आमच्या मुलांना मरून दाखवायला सांगणारे पुष्कळ भेटतील, बाहेरचे आणि घरचेही. त्यांना जगून दाखवायला शिकवणं हे आमचं काम आहे. त्यासाठी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. साहेबमामा फत्तेलाल यांनी आयुष्यभर पडद्यामागचं काम चोख केलं. फाळणीनंतर पानिपतचं जग उलटंपालटं झालं, तरी अब्बास मुंबईतच राहिले आणि १९८७ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. यातल्या कुणीही आपल्या नेकीची ग्वाही द्यायला कबरीची वाट पाहिली नाही. त्यांनी जे काम केलं ते सगळ्यांच्या कामी आलं, आमच्याही आलं, आणि ज्यांना त्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्याही आलं.

ग्वो छिंगलान २०१२ मध्ये वारल्या. त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या. यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. चीनमध्ये शिच्याच्वांगच्या शहीद स्मशानभूमीत कोटणीसांची कबर डॉ. बेथ्यून यांच्याजवळ आहे. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे. पुढच्या सहलीला आम्ही मुलांना तिथं नेणार आहोत. कोल्हापूर ते सोलापूर पाच-सहा तासांचा रस्ता आहे, एसटीनं जाऊन मुक्काम करून येता येतं.

बुजुर्ग सदस्यांनी सिनेमा मागच्या बाकावर बसून पूर्ण पाहिला होता. संपल्यावर ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मात्र ऑफिसात आले आणि म्हणाले, "सर, तो पहिला प्रश्न विचारणारा पोरगा कोण? हुशार आहे. त्याची फी थकली असेल तर सांगा."

त्याच सुमाराला त्या फिट येणाऱ्या मुलाची आईही येऊन गेली. या वेळी तिनं दार लावलं नाही. सीपीआर रुग्णालयातल्या डॉक्टरांचा कागद दाखवला, गोळीची वेळ समजावून सांगितली आणि जास्तीची एक पट्टी आमच्याकडं ठेवायला दिली. ती ऑफिसच्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी असते. मुलगा आता नववीत आहे. त्याच्या बाकावर दोघे बसतात.